विधिसंघर्षग्रस्त बालक आणि ज्ञातीचे कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला 'आजचा विद्यार्थी' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. तो विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर काहीही बोलले तरी चालते, आणि म्हणूनच श्रोत्यांच्या पदरात बहुधा काहीच पडत नाही. तेव्हा त्यांच्या अनुमतीने मी त्यातला एक लहानसा कोपरा निवडला आहे. वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी ज्या मुलाचा पोलिसांशी संबंध येतो, त्याचे पुढे काय होते, याविषयी अभ्यासकांनी काय शोधले, कायदा काय सांगतो आणि आपण काय करतो, एवढाच आजचा विषय. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला मनुष्य आहे. इंग्रजीतील संशोधनाचे अहवाल माझ्या पुतणीने मला वाचून, समजावून दिले. तिने मुंबईस समाजकार्याचे शिक्षण घेतले आहे. समजण्यात काही न्यून राहिले असल्यास ते माझे, तिचे नव्हे.

हा विषय निवडण्यास कारण झाला तो आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीच्या अर्जाचा छापील नमुना. त्यातील अकरावा रकाना असा आहे : 'अर्जदाराविरुद्ध कधी पोलीस कारवाई झाली आहे काय? झाली असल्यास तपशील द्यावा.' हा रकाना कोणी व केव्हा घातला याचा जुन्या इतिवृत्तांत उलगडा होत नाही. ज्याने घातला त्याचा हेतू शुद्धच असणार. निधीचा पैसा सत्पात्री पडावा असे कोणाला वाटत नाही? परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे परिणामही शुद्ध होतो असे नाही, आणि परिणामाचाच विचार आज करावयाचा आहे.

मुलाचा अपराध आणि प्रौढाचा अपराध एकाच तराजूत तोलू नये, ही समज आपल्या प्रांताला नवी नाही. डेव्हिड ससून यांच्या औदार्याने मुंबईत १८५७ साली मुलांसाठी सुधारगृह निघाले. पुढे १८९९ साली अमेरिकेत शिकागो येथे स्वतंत्र बालन्यायालय सुरू झाले आणि ती कल्पना जगभर पसरली. मुंबई इलाख्याने १९२४ साली मुलांचा कायदा केला, १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि डोंगरीचे रिमांड होम हे नाव तर खेड्यापाड्यांतील आयांनीही मुलांना धाक दाखविण्यासाठी वापरले. स्वातंत्र्यानंतर १९८६, २००० व २०१५ असे तीन केंद्रीय कायदे झाले. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंतच बालक होता, मुलगी मात्र अठराव्या वर्षापर्यंत. २००० पासून दोघांनाही अठरा ही एकच मर्यादा आहे. आताचा २०१५ चा कायदा अशा मुलास 'गुन्हेगार' म्हणतच नाही. तो त्यास 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. शब्द जड आहे, आमच्या शाळेतल्या शुद्धलेखनाच्या परीक्षेस घालण्याजोगा आहे. पण विचारपूर्वक योजिलेला आहे. संघर्ष मिटू शकतो. गुन्हेगार हे विशेषण मात्र एकदा चिकटले की आडनावासारखे वागू लागते.

आता पोलीस ठाण्याकडे वळू. कायद्याने प्रत्येक ठाण्यात निदान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो आणि जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे लागते. मुलास कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. बेडी घालता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात व त्या दोघांपैकी एक स्त्री असावी लागते. मुलास ताब्यात घेताच पालकांना कळवावे लागते. अपराध अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ साथीदार नसतील, तर प्रथम माहिती अहवाल न नोंदविता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करावी, असेही नियमांत आहे. हे सारे वाचले म्हणजे वाटते की आता काही उणे राहिले नाही. परंतु कायद्याचे पान आणि ठाण्याचे दार यांच्या मध्ये एक माणूस उभा असतो, आणि त्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत समोरच्या मुलाविषयी काय वाटले, यावर पुष्कळ अवलंबून असते.

हे माझे अनुमान नव्हे. अर्विंग पिलियाविन व स्कॉट ब्रायर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका शहरातील पोलिसांसमवेत हिंडून, पोलीस आणि मुले यांची गाठ पडते तेव्हा काय घडते हे प्रत्यक्ष पाहिले आणि १९६४ साली प्रसिद्ध केले. ज्या ६६ प्रसंगांचा त्यांनी हिशेब मांडला, त्यांपैकी ४५ प्रसंगी मुलगा नम्र, सहकार्य करणारा वाटला. त्या पंचेचाळिसांत अटक झाली फक्त दोघांना. उरलेल्या २१ प्रसंगी मुलगा उद्धट वा असहकारी वाटला; त्या एकवीसांत अटक झाली चौदांना. किरकोळ अपराधांच्या बाबतीत तर मुलाने काय केले यापेक्षा तो कसा उभा राहिला, कसा बोलला, कसे कपडे घातले होते, यावरूनच निर्णय होत असल्याचे त्यांना आढळले. शिक्षकाला हे वाचून नवल वाटत नाही. वर्गातही मान खाली घालणारा मुलगा सुटतो आणि डोळ्याला डोळा देणारा छडी खातो.

यासंबंधी मी पाहिलेली एक हकीकत सांगतो. तीसएक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या एका गावी नोकरीस होतो. सातवीतल्या दोन मुलांनी विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार तोडून भंगारवाल्यास विकली. एक मुलगा आपल्याच ज्ञातीतला. दुसरा गावाबाहेरच्या पालावरचा, पारधी कुटुंबातला. पहिल्याचा बाप रात्री कंदील घेऊन माझ्या दारी आला. आम्ही ठाण्यावर गेलो. पहिला मुलगा रडत होता, चुकलो म्हणत होता. दुसरा भिंतीला पाठ लावून जमादाराकडे एकटक पाहत होता आणि एका शब्दाचे उत्तर देत नव्हता. त्यास उद्धट म्हणणे सोपे आहे. ठाण्यात तोंड उघडले की मार वाढतो, हे त्याच्या घरचा तीन पिढ्यांचा अनुभव त्यास सांगत होता. मी दोघांसाठीही शब्द टाकला. तो एकासाठीच चालला. आमचा मुलगा दहाच्या आत घरी जेवावयास बसला. दुसऱ्यास दोन रात्री ठेवून घेतले. त्याची आई बाहेर पिंपळाच्या पारावर बसून होती. पुढे पंचक्रोशीत कोठेही चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाऊ लागली, आणि आठवीच्या सहामाहीपूर्वी त्या मुलाचे नाव पटावरून कमी झाले. पहिला मुलगा आज वीज कंपनीत वायरमन आहे. तार एकच, तोडणारे हात चार, आणि त्या हातांच्या वाटा अशा निरनिराळ्या झाल्या. ज्या देशात १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले, तेथे कागदावरची रेघ पुसली तरी मनावरची लवकर पुसत नाही.

आता कोणी म्हणेल की पहिल्यास सोडून दिले हेच चुकले. दोघांनाही रीतसर कोर्टापुढे उभे केले असते तर धाक बसला असता. या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्याची आता आवश्यकता उरलेली नाही. मुलांचे दोन गट पाडावयाचे, एका गटास रीतसर न्यायप्रक्रियेतून न्यावयाचे, दुसऱ्यास समज देऊन सोडावयाचे किंवा समुपदेशनासारख्या अन्य वाटेने न्यावयाचे, आणि मग कोण पुन्हा अपराध करतो ते पाहावयाचे, असे प्रयोग परदेशांत अनेक झाले. अँथनी पेट्रोसिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २९ प्रयोगांचा, म्हणजे एकंदर ७,३०४ मुलांचा, एकत्र आढावा २०१० साली प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की रीतसर खटल्याच्या वाटेने नेल्याने पुढील अपराध कमी होत नाहीत. उलट काहीसे वाढतातच. हे प्रयोग बहुतेक अमेरिकेतले आहेत हे मी मुद्दाम सांगतो, कारण परदेशातील आकडा आपल्या गावच्या वेशीतून जसाच्या तसा आत घेणे शहाणपणाचे नाही. तथापि धाकाच्या बाजूचा पुरावा कोणी दाखवीत नाही आणि विरुद्ध बाजूस एवढा दाखविला जात आहे, तेव्हा विचार करणे भाग आहे.

फिलाडेल्फिया शहरातही असाच एक मोठा अभ्यास झाला. १९४५ साली जन्मलेल्या आणि दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत त्याच शहरात राहिलेल्या ९,९४५ मुलग्यांची पोलीस दप्तरे मार्विन वुल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. सुमारे ३५ टक्के मुलांचा एकदा तरी पोलिसांशी संबंध आला होता. त्यांतली जवळजवळ निम्मी मुले पुन्हा कधीही दप्तरी आली नाहीत. आणि ६२७ मुलांनी, म्हणजे एकंदरांतील सहा टक्क्यांनी, सर्व नोंदलेल्या अपराधांपैकी निम्म्याहून अधिक अपराध केले होते. याचा अर्थ काय? पहिल्यांदा सापडलेला मुलगा पाहून तो त्या सहा टक्क्यांतला की निम्म्यांतला, हे आपल्यास सांगता येत नाही. आपला अकरावा रकाना मात्र ते ठरवून मोकळा होतो.

येथे आपल्यासारख्या हितचिंतकांच्याही कानावर एक गोष्ट घालणे अवश्य आहे. गेल्या वर्षी काही बंधूंनी वाट चुकलेल्या मुलांसाठी निराळे संस्कार शिबिर भरवावे अशी सूचना केली होती. कळकळ स्तुत्य आहे. परंतु अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली असाच एक कळकळीचा प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलांच्या जोड्या लावून निम्म्यांना वर्षानुवर्षे मार्गदर्शन, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरे असे सारे पुरविले. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर त्या सर्वांचा शोध घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांचे आयुष्य मदत न मिळालेल्यांपेक्षा अधिक बिघडलेले आढळले. आणि ज्यांना शिबिरांस वारंवार पाठविले होते त्यांची स्थिती विशेष वाईट होती. बिघडलेली मुले एकत्र कोंडली की ती आपल्याकडून शिकत नाहीत, एकमेकांकडून शिकतात. म्हणून निराळे शिबिर नको. सर्वांच्या मेळाव्यात, सर्वांच्या पंगतीत त्यास बसू द्यावे, हे अधिक बरे.

आता जो प्रश्न प्रत्येकाच्या ओठांवर आहे तो मी टाळणार नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले आणि मंडळाने त्या मुलास अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगून जामीन दिला. सारा महाराष्ट्र संतापला, आणि तो संताप अस्थानी नव्हता. ज्यांची मुले गेली त्या आईबापांना निबंधाचे काय? त्याआधी डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या भीषण प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी असल्याने तीन वर्षांत सुटला, आणि त्या क्षोभातूनच २०१५ चा कायदा झाला. त्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलाने सात वर्षे वा अधिक किमान शिक्षेचा अपराध केल्याचा आरोप असेल, तर मंडळाने प्राथमिक चौकशी करून त्यास प्रौढाप्रमाणे खटल्यास पाठविण्याची वाट ठेवली आहे. पुण्याच्या प्रकरणातील कलमास अशी किमान शिक्षा नव्हती, आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोलिसांची तशी मागणी फेटाळली. ते योग्य की अयोग्य हा वाद कायदेपंडितांनी करावा. माझे म्हणणे निराळे आहे. त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. कायदा मवाळ आहे म्हणून नमुने बदलले जात नाहीत. ज्या मुलामागे असे हात असल्याचा आरोप होतो त्याचा राग आपण काढतो कोणावर? दहा रुपयांची वस्तू उचलणाऱ्या आणि जामिनास उभे राहण्यास बापही नसलेल्या मुलावर. देशात २०२२ साली अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. त्यांत मोटारी उडविणारे किती, आणि तार तोडणारे किती, याचा अंदाज सर्वांना आहे.

शिक्षकांचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो लहान नाही. मूल अठराच्या आतले की बाहेरचे, हे ठरविताना २०१५ च्या कायद्याचे ९४ वे कलम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र प्रथम पाहण्यास सांगते. ते नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा दाखला. तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आपल्यापैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे, त्यांनी हात वर करावा. पाहा, निम्मे सभागृह! आई सांगायची, 'आखाडात झाला, पाऊस लई होता', आणि गुरुजी जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून शाळेत घ्यायचे. त्या एका ओळीवर पुढे एखाद्याचा गळा अवलंबून असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार? पुण्यात ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. त्यांपैकी एका आरोपीस १९९८ साली फाशीची शिक्षा झाली. राजस्थानातील एका शासकीय शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारीख पुढे आली, तीवरून तो घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता असे निघाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोवर तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. कायद्याने त्यास अधिकात अधिक तीन वर्षे ठेवता आले असते. त्याचे नाव मी घेत नाही. बालकाचे नाव उघड करू नये असा कायदाच आहे. गेलेल्या सात जीवांचे दुःख त्याने हलके होत नाही, हेही मी जाणतो. परंतु तेथल्या कोण्या गुरुजींनी तारीख नीट लिहून ठेवली होती, वही वाळवीपासून जपली होती, आणि पंचवीस वर्षांनंतर ती न्यायालयात बोलली. आपल्या ज्ञातीतील जे शिक्षक आज सेवेत आहेत, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता पुन्हा रकान्याकडे. डेव्हा पेजर या अमेरिकन विदुषींनी मिलवॉकी शहरात ३५० नोकरीच्या जागांसाठी सारख्याच पात्रतेचे तरुण पाठविले. फरक एवढाच की काहींच्या अर्जात तुरुंगवासाची नोंद होती, काहींच्या नव्हती. नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांपैकी शेकडा ३४ जणांना पुढे बोलावले. नोंद असलेल्यांपैकी १७ जणांना. काळ्या तरुणांत हेच प्रमाण १४ आणि ५ होते. म्हणजे नोंद नसलेल्या काळ्यापेक्षा नोंद असलेला गोरा अधिक चालला. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ते तरुण प्रौढ होते, मुले नव्हेत; परंतु रकाना काय करतो ते त्यावरून दिसते. आपल्याकडे रंगाच्या जागी काय येते, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या कायद्याने मुलांपुरता हा रकाना बंदच केला आहे. २४ वे कलम म्हणते की या कायद्याखाली प्रकरण चाललेल्या मुलास त्यामुळे कोणतीही अपात्रता येऊ नये. त्यास अपवाद तो सोळा वर्षांवरील मुलास प्रौढाप्रमाणे दोषी ठरविल्याचा. ठराविक मुदतीनंतर दप्तर नष्ट करावे अशीही तरतूद आहे. ७४ वे कलम तर पोलिसांना बजावते की प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा त्या मुलाची नोंद उघड करू नये. जे सांगण्यास साक्षात पोलिसांना मनाई आहे, ते आपण सतरा वर्षांच्या पोराकडून त्याच्या स्वतःच्या हाताने लिहून घेतो!

छाननी उपसमितीचा सभासद या नात्याने मी गेल्या बारा वर्षांचे अर्ज चाळले. अकराव्या रकान्यात 'होय' असे लिहिणारे चार निघाले. एकाने मारामारी लिहिली होती, दोघांनी किरकोळ चोरी, आणि एकाने नुसते 'मंडळापुढे समज देऊन सोडले' असे वळणदार अक्षरात लिहिले होते. चौघांपैकी एकासही साहाय्य मिळालेले नाही. नामंजुरीचे कारण कोठेही नमूद नाही. खरे लिहिले म्हणून त्यांचे अर्ज बाजूस पडले. आणि ज्यांनी काही न लिहिता रकाना कोरा सोडला, त्या सर्वांचे निष्कलंक असणे आपण गृहीत धरले.

म्हणून मी या सभेपुढे ठराव मांडीत आहे. अर्जाचे नवे नमुने दिवाळीनंतर छपाईस जावयाचे आहेत. त्यांतून अकरावा रकाना वगळावा आणि जुन्या अर्जांतील त्याची उत्तरे शाईने खोडून टाकावीत. दुसरे असे की प्रत्येक तालुक्यातील पाच जाणत्या व्यक्तींची, त्यांत निदान दोन स्त्रियांची, नावे मंडळाच्या कार्यालयात लिहून ठेवावीत. एखादे मूल ठाण्यावर नेल्याचे कळताच त्यांच्यापैकी कोणीतरी रात्री-बेरात्री पालकांसोबत जाईल, बाल कल्याण अधिकाऱ्यास भेटेल आणि बाल न्याय मंडळापुढे मुलाच्या बाजूने उभे राहील. मूल आपल्या ज्ञातीचे असो वा पालावरचे असो. तेथे रकाना नको. माझ्या तालुक्यासाठी माझे नाव आजच लिहून घ्यावे. त्या चार अर्जदारांपैकी दोघे अद्याप निधीच्या वयोमर्यादेत बसतात आणि त्यांचे पत्ते दप्तरात आहेत. त्यांना नवा अर्ज मंडळाच्या खर्चाने, चिटणीसांच्या सहीच्या पत्रासोबत पाठवावा, अशी विनंती करून ठराव अनुमोदनासाठी सभेपुढे ठेवतो.